सलग तीन रात्री आठ पतंग

पुस्तक ७१ टक्क्यांवर होतं. फोनवर वाचताना पानं नसतात, टक्के असतात, सोसायटीच्या कर्जासारखे. नायिका तिसऱ्यांदा खिडकीशी जाऊन उभी राहिली होती. खाली राजवाड्याचं अर्धं अंगण जळत होतं आणि हिच्या डोक्यात दोन राजपुत्र. एकाचे डोळे करडे, दुसऱ्याचे मधाच्या रंगाचे. आपलं मन आपल्यालाच कळत नाही, असं ती मला सतराव्या प्रकरणापासून सांगत होती. तेवढ्यात काउंटरवर कोणीतरी नाणं आपटलं.

"अवो ताई, थे सापळ्यातलं वासाचं हाय ना, थे द्या दोन. काय वाचून राहिल्या येवढं?"

मी उठून ल्यूरची पाकिटं काढून दिली.

ज्यांच्या घरी कपाशी नाही त्यांच्यासाठी सांगते. गुलाबी बोंडअळीसाठी वावरात कामगंध सापळे लावतात. वर एक टोपी, खाली नरसाळं, त्याला लटकलेली लांब प्लास्टिकची पिशवी. टोपीखाली रबराचा बारकासा तुकडा, म्हणजे ल्यूर, बसवायचा, त्याला मादी पतंगाच्या वासाची नक्कल लावलेली असते. रात्री नर येतात, घिरट्या घालतात आणि पिशवीत पडतात. आत मादी नाहीच, हे त्यांच्या जातीला अजून समजलेलं नाही. सापळा मुख्यतः मोजण्यासाठी असतो. हेक्टरी पाच लावायचे, सकाळी पिशवीतले पतंग मोजायचे, आणि सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले की समजायचं, आता गप्प बसून चालणार नाही. याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. एखादा पतंग दिसला म्हणून कोणी पंप पाठीवर घेत नाही. पण पातळी ओलांडली तरी बघत बसला तर बोंडं गेली.

त्या दिवशी गिऱ्हाईक गेल्यावर मी ठरवलं की कादंबरीलाही अशी पातळी पाहिजे. नायिकेनं एकदा "मला कळत नाही" म्हटलं, ठीक. माणूस आहे. सलग तीन प्रकरणं तेच म्हटलं, आणि प्रत्येक वेळी डोळ्यांच्या रंगाचं वर्णन आलं, की पुस्तक बंद.

नियम केला आणि त्याच रात्री मोडला. दोन वाजेपर्यंत वाचून पुस्तक संपवलं. म्हणून तर राग जास्त आला.

आमचं गाव आर्वी तालुक्यात, वर्धा नदीच्या अलीकडच्या अंगाला. दुकान बाबांचं, पण कीटकनाशकाचा परवाना माझ्या नावावर, कारण घरात शेतकीची पदवी माझीच. अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकत असताना होस्टेलवर हे व्यसन लागलं. खोलीतल्या मुलीकडे इंग्रजी पुस्तकांची थप्पी होती. किडींच्या शास्त्रीय नावांचा कंटाळा आला की मी तिच्या पलंगाखाली हात घालायची. जादूची राज्यं, शापित राजपुत्र, सतरा वर्षांच्या तलवारबाज पोरी. तेव्हा मला सगळं आवडत होतं, दोन-दोन नायकांसकट. तेव्हा सगळ्या मुलींमध्ये ही ह्याच्या बाजूची, ती त्याच्या बाजूची, असे तट पडायचे. मेसमध्ये ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसारखं वातावरण असायचं. आता भाची अकरावीसाठी माझ्याकडे राहायला आली आहे, आर्वीला कॉलेजला जाते, आणि येताना कपड्यांच्या बॅगेतून तीच पुस्तकं, म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणी, घेऊन आली. सध्या तिला पुनर्कथनांचं वेड आहे. जुनी परीकथा किंवा पुराणातली गोष्ट घ्यायची, त्यातल्या मुलीला धनुष्य द्यायचं, चार शिव्या द्यायच्या, आणि पुढे सांगायची.

कल्पना मला फार आवडते. जुन्या गोष्टीत मुलगी गप्प असते, तिला बोलतं करा, कोणाची हरकत आहे? माझी तक्रार वेगळी आहे. बोलतं करतात आणि मग तिला बोलायला एकच विषय देतात.

आता या नायिकेच्या सवयी बघा. रात्री बाहेर पडू नकोस म्हटलं की त्याच रात्री बाहेर पडते. पहिल्या पानावर ती राज्यातली सगळ्यात भयंकर मारेकरीण असते. पाचशे पानांत कोणाला मारत नाही, फक्त जिन्यावरून उतरताना पोशाखात पाय अडकून पडते, आणि पडते ती बरोबर कोणाच्या तरी हातात. मी काही सुंदर नाही, असं ती आरशासमोर सांगते, इकडे दोघं तिच्यापायी घराणी बुडवायला निघालेले. तिला आई नसते. मैत्रीण असली तर दुसऱ्या भागात मरते. जो नीट वागतो त्याला फाडफाड बोलते, जो कैदेत टाकतो त्याच्यापुढे हिच्या छातीत धडधड. आणि दोन नायकांपैकी एक लहानपणापासूनचा, भला, कंटाळवाणा; दुसरा पाचशे वर्षांचा, काळे कपडे घालणारा, कोणालाही न सांगितलेलं दुःख बाळगणारा. आमच्याकडे असा माणूस असता तर त्याला घरच्यांनी कधीच शेगावला नेऊन आणला असता.

बाबांना एकदा जेवताना मी कथानक सांगितलं. ते ऐकत होते, वरणात पोळी कुस्करत होते. शेवटी म्हणाले, "दोघाईतून ओलिताचं वावर कोणाकडे हाय?"

हसू नका. अख्ख्या मालिकेत हा प्रश्न कोणी विचारत नाही. राज्य कशावर चालतं, कोण पिकवतं, उद्या हिनं याला निवडलं तर तिकडच्या सरहद्दीवर काय होईल, या मुलीला ठाऊक नसतं, आणि ठाऊक करून घ्यावंसंही वाटत नाही. राणी व्हायला निघालेली असते मात्र.

भाचीचं सगळ्यात लाडकं पुस्तक म्हणजे सारा जे. मासचं 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस', २०१५ चं. ज्यांना वाचायचं आहे त्यांनी एवढा परिच्छेद सोडून द्या. 'ब्युटी अँड द बीस्ट'वर बेतलेलं आहे. नायिका गरिबीत वाढलेली, शिकार करून घर चालवणारी, तिला लिहिता-वाचता येत नाही. शेवटाकडे दुष्ट राणी तिला एक कोडं घालते: सोडवलंस तर सगळे लगेच मोकळे. कोड्याचं उत्तर प्रेम. पुस्तक प्रेमकथेचं, नावातच गुलाब, आणि हिला उत्तर सुचतं ते अगदी मरणाच्या दारात. मी वाचताना फोनला ओरडून सांगत होते. एका परीक्षेत भिंतीवर प्रश्न लिहिलेला असतो, तीन दांडे असतात, योग्य दांडा ओढायचा असतो. वाचता येत नाही म्हणून ती अडते आणि दुसरा नायक तिच्या हातावरच्या गोंदणातून कळ पाठवून उत्तर सांगतो.

"तिला वाचता येत नव्हतं ना वं मावशी," भाची म्हणाली. "त्यात तिचा काय दोष?"

काहीच नाही. खरं तर तेवढा भाग मला सगळ्यात खरा वाटला. माझी आजी अंगठेबहाद्दर होती. कापूस वेचायला आलेल्या बायांचा हिशेब तिच्याकडे असायचा. कोणी किती किलो वेचला, हे ती भिंतीवर कोळशाच्या रेघांनी मांडायची. पाच झाल्या की आडवी रेघ. व्यापाऱ्याचा मापाडी काटा मारतो की नाही, हे ती त्याच्या कोपराकडे बघून ओळखायची. आणि कोडी! रात्री अंगणात बसली की आम्हा पोरांना अशी कोडी घालायची की आम्ही रडकुंडीला यायचो. वाचता न येणं आणि विचार न करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला आजीमुळे माहीत आहे. लेखिकेनं त्या पोरीला अक्षर दिलं नाही, तिथवर मला मान्य. तिनं डोकंही बाजूला काढून ठेवलं आणि ते दुसऱ्या नायकाच्या ताब्यात दिलं, तिथे माझं बिनसलं.

गंमत अशी की मूळ गोष्टीतली मुलगी वाचणारी होती. १७५६ साली मादाम द बोमाँनं जी छोटी आवृत्ती छापली, तीच पुढे जगभर गेली. तिच्यात ब्युटीला पुस्तकं आवडतात आणि राक्षसाच्या वाड्यात तिला मोठ्ठं ग्रंथालय मिळतं. त्याच्याही आधी, १७४० मध्ये, मादाम द व्हिलनव्हनं हीच गोष्ट लांबलचक लिहिली होती. तिच्यातला भाग मला कळला तेव्हा मी दुकानात एकटीच टाळी वाजवली. त्यात प्रेमाचा त्रिकोण आहे! दिवसा ब्युटीसमोर राक्षस असतो, आणि रोज रात्री स्वप्नात एक देखणा तरुण येतो. ती स्वप्नातल्याच्या प्रेमात पडते आणि जागेपणी राक्षसाशी चांगलं वागते, आणि दोघांत ओढली जाते. आपल्याला शेवटी कळतं की दोघं एकच आहेत. स्वप्नात एक बाई तिला बजावतेही की डोळ्यांना दिसतं त्यावर जाऊ नकोस.

बघा, हा त्रिकोण कसा बांधलाय. यात तिचा गोंधळ हाच गोष्टीचा गाभा आहे. दिसतं ते आणि असतं ते, यातलं काय धरायचं? ती गोंधळली तर मीही गोंधळते. पण एकाचे डोळे करडे आणि दुसऱ्याचे मधासारखे, एवढ्यावर मी कशी गोंधळू? आमच्याकडे अशा डोळ्यांना घारे म्हणतात आणि त्यावर अजून कोणी तीन खंड लिहिले नाहीत.

अरबी रात्रींच्या एका पुनर्कथनातही मला हीच हळहळ वाटली. मूळ शहरजाद म्हणजे केवढी बाई. वजिराची लेक, हजार पुस्तकं जमवलेली. आपण होऊन राजाकडे जाते, जाताना धाकट्या बहिणीला पढवून ठेवते की रात्री मला गोष्ट सांग म्हणायचं. म्हणजे योजना घरून आखून निघालेली. नव्या पुस्तकात ती मैत्रिणीच्या खुनाचा सूड घ्यायला जाते. इथपर्यंत मी ताठ बसून वाचत होते. मग राजा देखणा निघतो, लहानपणचा प्रियकर सुटकेला निघतो, आणि गोष्टी सांगणं हळूहळू मागे पडतं. शहरजाद, आणि गोष्टी सांगणं मागे पडतं! म्हणजे पोळ्याला बैलच नाही.

ऑगस्टच्या शेवटी एका रविवारी भाचीला घेऊन मागच्या वावरात गेले. आमची तीन एकर पऱ्हाटी आहे, घरापासून चालत दहा मिनिटं. सापळ्यांच्या पिशव्या रिकाम्या करायच्या होत्या. ती हेडफोन लावून मागून येत होती. मधेच थांबली. "मावशी, हे बघ, किती मस्त. गुलाबासारखं."

कपाशीचं फूल उमललं की पसरट होतं, पाकळ्या सैल सुटतात. हे मिटलेलं होतं, पाकळ्या एकमेकींना पिळून धरल्यासारख्या, खरंच गुलाबाच्या कळीसारखं. तिनं फोटोही काढला. मी ते तोडून तिच्या तळहातावर उकललं. पाकळ्या बारीक तंतूंनी आतून चिकटवलेल्या होत्या, आणि मधोमध, परागकण खात, एक इवलीशी अळी. भाचीनं हात झटकला.

याला डोमकळी म्हणतात. हे फूल कधीच उमलत नाही. लांबून बघणाऱ्याला वाटतं, अख्ख्या वावरात हेच सगळ्यात देखणं. दिसली की तोडून नष्ट करायची असते.

"ही तुझी नायिका," मी म्हटलं. मला वाटलं, काय बोलले मी.

भाचीनं हेडफोन गळ्यात घेतले. ती चिडली की शुद्ध बोलते. "मावशी, तिला निदान गोंधळायला तरी मिळतं."

"म्हणजे?"

"म्हणजे तीन पुस्तकं मिळतात तिला. तीन! बाराशे पानं ती ठरवत राहते, आणि कोणी तिला म्हणत नाही की परवा पाहुणे येऊन राहिले, काय ते आजच सांग. आईला किती दिवस मिळाले होते? तुले किती मिळाले होते?"

मी पिशवीतले पतंग मोजले. सहा होते. पुढच्या सापळ्याकडे गेले.

मला दोन दिवस मिळाले होते. २०१६ चा उन्हाळा, मी चोवीसची. एकाच आठवड्यात दोन स्थळं आली. एक पुण्यात कंपनीत, एक नागपुरात सरकारी नोकरीत. दोन मुलं, एक मुलगी, कागदावर त्रिकोणच. फरक एवढाच की यात कोणाला कोणाच्या डोळ्यांचा रंग आठवणार नव्हता, कारण मी पोह्यांच्या ताटलीकडे बघत होते. मी दोघांना एकच विचारलं: लग्नानंतर मी आठवड्यातून काही दिवस येऊन दुकान बघितलं तर चालेल का? पुण्याचा हसला. त्याला वाटलं, गंमत करून राहिली. नागपूरच्यानं आईकडे बघितलं, आणि त्याची आई म्हणाली, "तिले कायले लागते दुकान?" मी दोन्हीकडे नाही कळवलं. घरात आठ दिवस कोणी माझ्याशी नीट बोललं नाही.

मग आईनं मला 'रुक्मिणी स्वयंवरा'च्या पारायणाला बसवलं.

ही आपल्याकडची पद्धत तुम्हाला माहीत असेल. लग्न जमत नसलं की मुलीनं एकनाथांचं 'रुक्मिणी स्वयंवर' वाचायचं. अठरा प्रसंग. मी रोज दोन वाचायची, आंघोळ करून, समोर समई. आणि आमच्या इथे तर त्याला आणखी वजन, कारण ते कौंडिण्यपूर आमच्या नदीच्या पलीकडे, तिवसा तालुक्यात. आमच्या काठावर उभं राहिलं की दिसतं. रुक्मिणीचं माहेर. आषाढीसाठी तिची पालखी तिथूनच पंढरपूरला निघते. लहानपणापासून जाऊन आलेय, कार्तिकातल्या यात्रेत चिवडा खाल्लाय, नदीत पाय बुडवून बसलेय. पण तिनं नेमकं काय केलं, हे कधी नीट वाचलं नव्हतं. देवाची बायको, एवढंच.

वाचता वाचता मला समईसमोर हसू यायला लागलं. भावानं स्थळ ठरवलंय, चेदीचा शिशुपाल. बापाचं भावापुढे चालत नाही. वऱ्हाड यायला निघालंय. आणि ही पोरगी काय करते? खिडकीशी उभी राहत नाही. एका विश्वासू ब्राह्मणाला हाताशी धरते आणि द्वारकेला पत्र पाठवते. भागवतात दहाव्या स्कंधात ते पत्र सात श्लोकांचं आहे. प्रेमाचं म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्यातली अर्धी मजा वेळापत्रकाची आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कुलदेवीची यात्रा असते, नवरी गावाबाहेर गिरिजेच्या देवळात जाते, तिथून मला ने. म्हणजे महालात शिरून माझ्या माणसांना मारावं लागणार नाही. जागा दिली, वेळ दिली, रक्तपात कसा टाळायचा तेही सांगितलं. आणि तो नाही आला तर आपण काय करू, हेही सांगून ठेवलं. पळवून नेलं म्हणतात तिला. अहो, तिकीट तिनं काढलं होतं!

पुढे भाऊ पाठलागावर येतो, हरतो, कृष्ण त्याला मारायला उठतो, तेव्हा त्याचे पाय धरून भावाचा जीव वाचवणारीही हीच. ज्यानं तिचं लग्न परस्पर ठरवलं त्याचा जीव. भावाच्या मिशा तेवढ्या जातात.

हे पुस्तक घरच्यांनी ठरवलेलं स्थळ नाकारणाऱ्या मुलीला वळणावर आणायला देतात. आईला मी हे तेव्हा बोलले नाही. समईत तेल घातलं आणि पुढचा प्रसंग काढला.

त्या काठावर आणखी एक मुलगी आहे, दमयंती. तीसुद्धा कुंडिनपूरची, म्हणजे याच कौंडिण्यपूरची, विदर्भाच्या भीमराजाची लेक. तिचा तर त्रिकोणही नाही, षट्कोन आहे. स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण, यम चौघं नलाचं रूप घेऊन बसतात. पाच माणसं, चेहरा एक. (आजच्या लेखिकेनं पाचही जणांना वेगवेगळे डोळे दिले असते आणि सोपं करून टाकलं असतं.) ती देवांनाच खऱ्याची शपथ घालते की तुमच्या खुणा दाखवा. मग बघते: चौघांना घाम नाही, पापणी हलत नाही, गळ्यातले हार ताजे, पाय जमिनीला टेकत नाहीत, सावली पडत नाही. पाचव्याचा हार कोमेजलाय, अंगावर धूळ आहे, घाम आहे. माळ त्याच्या गळ्यात. विदर्भातल्या उन्हाळ्यात घाम न येणारा नवरा करून काय करायचं, मलाही पटतं.

पण खरी ती नंतर दिसते. नल जुगारात सगळं हरून तिला रानात सोडून जातो. पुढे ती माहेरी येते आणि संशय येतो की अयोध्येच्या राजाचा कुरूप सारथी हाच आपला नवरा असावा. ती काय करते? बापाला न कळू देता, आईला सामील करून, अयोध्येला निरोप धाडते: दमयंती पुन्हा स्वयंवर करतेय, उद्या सूर्योदयाला. एका दिवसात तेवढं अंतर रथ हाकणारा माणूस जगात एकच, हे तिला माहीत. स्वयंवर नाहीच. दुसरा नवरा नाहीच. नुसता वास सोडलाय.

कामगंध सापळा! मी दहा वर्षं विकतेय आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिनं प्रेमाचा त्रिकोण स्वतःच्या हातानं बनवला, ल्यूर लावली, आणि नर बरोबर आला. आल्यावरही लगेच गळ्यात पडली नाही. दासीला पाठवून त्याच्यावर नजर ठेवली, त्यानं रांधलेलं चाखून बघितलं, मुलांना त्याच्यापुढे नेऊन त्याचा चेहरा बघितला, मग बोलली. (आणि हा निरोप नेणारा ब्राह्मण सुदेव, एकनाथांच्या रुक्मिणीचा निरोप्याही सुदेवच. विदर्भात त्या काळी एकच कुरिअर असावं.)

हे सगळं मी भाचीला रात्री गच्चीवर सांगितलं. कृषिपंपाची लाइन त्या आठवड्यात रात्रीची होती, दूर कुठंतरी मोटरी सुरू होत्या. आपल्या पुराणांची टिमकी वाजवायची म्हणून सांगत नव्हते. आपल्याकडची नवी पुनर्कथनं तरी काय करून राहिलीत? द्रौपदीला घेतात, सभेत तिनं विचारलेला तो एक प्रश्न दोन ओळींत उरकतात आणि उरलेल्या पुस्तकभर तिला कर्णाकडे चोरून बघायला लावतात.

"आणि तुझं खरं आहे," मी म्हटलं. "गोंधळायला मिळालं पाहिजे. मलाही मिळायला पाहिजे होतं. रुक्मिणीला तरी कुठं मिळालं? लग्न दोन दिवसांवर होतं, म्हणून ती एवढी चटपटीत. मी फक्त म्हणते की गोंधळताना तिनं त्या दोघांशिवाय आणखी कशाचा तरी विचार करावा. पाचशे पानांत एकदा."

भाची उताणी पडून आभाळाकडे बघत होती. मला वाटलं, पटलं.

"मावशी, शिशुपालाचं काय झालं मग?"

"काय होणार? वऱ्हाड घेऊन आला तसा परत गेला. जरासंधानं समजूत घातली त्याची, की अरे मी सतरा वेळा हरलोय, मनाला लावून घेऊ नको."

"म्हणजे तो नवरदेव होऊन, अंगाला हळद लावून, उन्हात उभा होता?"

"असेल."

"आणि त्याला कोणी सांगितलंच नाही की तिनं पत्र लिहिलं?"

"नाही."

"बिच्चारा," ती म्हणाली, आणि त्या सुरावरून मी ओळखलं की आता काही खरं नाही.

गेले पंधरा दिवस ती लिहितेय. कॉलेजच्या जर्नलच्या मागच्या पानांवर. काल दुकानात येऊन पहिलं प्रकरण मला वाचून दाखवलं, एक काका युरियाच्या रांगेत उभे होते त्यांनीही ऐकलं. शिशुपाल वर्धा नदीच्या काठावर मुंडावळ्या बांधून उभा आहे, बँडवाले थांबलेत, पलीकडून धूळ उठते आहे आणि ती धूळ कसली हे त्याला अजून कळलेलं नाही. चांगलं लिहिलंय, खरंच. रुक्मिणीचा हिशेबीपणा तिनं ठेवलाय. ती देवळाच्या पायऱ्या मोजत उतरते. फक्त शिशुपालाचे डोळे निळे केले होते.

"हे काढ," मी म्हटलं. "चेदीच्या माणसाचे डोळे निळे कुठून येतील?"

तिनं तिथेच काउंटरवर पेन मागितलं, खोडलं, वर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं आणि वही माझ्याकडे सरकवली.

घारे केले होते.